कार्ड बिघडले नव्हते

काल पन्हाळ्यावर तीन दरवाजापाशी आणि अंधारबावेत, म्हणजे तिथल्या पायऱ्यांच्या विहिरीत, काढलेली छायाचित्रे आज संगणकावर उतरवायला बसलो, तर कार्ड रीडर जोडताच पडद्यावर प्रश्न आला: डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का? हात माऊसवर होता. घाईत होकार दिला नाही, हे नशीबच.

कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घातल्यावर सगळी छायाचित्रे जागच्या जागी दिसली, म्हणजे दोष कार्डाचा नव्हता. कार्ड नवे, ६४ जीबीचे, एसडीएक्ससी या मोठ्या क्षमतेच्या प्रकारातले. त्यावर एक्सफॅट ही फाइली मांडण्याची पद्धत असते, आणि या संगणकावर स्कॅनरसाठी मी अजून जपून ठेवलेल्या जुन्या विंडोज एक्सपीला ती वेगळा अपडेट टाकल्याशिवाय समजत नाही. जुने ३२ जीबीचे कार्ड फॅट३२ या जुन्या पद्धतीचे असल्याने आजवर अडचण आली नव्हती.

मग कॅमेराच केबलने जोडला, कारण तसे केल्यास कार्डावरील मांडणी कॅमेरा स्वतः वाचतो आणि संगणकाला केवळ छायाचित्रे पुरवतो. परंतु ड्रॉवरमधल्या केबलने काहीच घडेना. राजारामपुरीतल्या दुकानदाराने ती हातात घेऊन, टोक न्याहाळून सांगितले, "ह्यानं नुस्तं चार्जिंग हुतंय, फोटू न्हाई जायाचं." तिच्यात डेटाच्या तारा नव्हत्याच. नवी केबल जोडली आणि अंधारबावेच्या पायऱ्या एकेक करून पडद्यावर उतरू लागल्या. त्यांतल्या निम्म्या हललेल्या आहेत, तो दोष मात्र माझाच.