पाणी किती फूट?

सांगलीत सकाळी आठची आयर्विन पुलाची पातळी गल्लीच्या ग्रुपवर पडते, तेव्हा इथे श्टुटगार्टमध्ये पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. जुलै-ऑगस्टात मला त्यासाठी गजर लावावा लागत नाही. आपोआप जाग येते.

सांगलीबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. कृष्णेवरचा हा पूल १९२९ सालचा. त्यावरची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका. आमच्या गावभागात पावसाळ्यात माणसं भेटली की ‘काय, बरं आहे ना’ नंतर विचारतात, आधी ‘पाणी किती फूट?’

मी इकडे आले २०१९ च्या जूनमध्ये. त्याआधीही एकदा नोकरीचं पत्र आलं होतं, ते मी नाकारलं. अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, असं सगळ्यांना सांगितलं. ऑपरेशन होतंही, पण ते निमित्त. एकुलती एक मुलगी, आईवडील दोघंच वाड्यात, आणि मी नसताना काही झालं तर? या ‘काही’ला तोंड नव्हतं, नाव नव्हतं, त्यामुळे रात्री ते वाटेल तेवढं मोठं व्हायचं.

दुसऱ्यांदा पत्र आलं तेव्हा मी तयारीच्या मागे लागले. तीन महिन्यांच्या गोळ्या डब्यांत भरून ठेवल्या. शेजारच्या काकूंकडे जादा किल्ली दिली. डॉक्टर, गॅसवाला, इलेक्ट्रिशियन यांचे नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवले. अण्णांचा पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात मोबाइलवरून कसा द्यायचा, ते जूनमध्येच दोनदा करून दाखवलं. आई शेवटी वैतागली. “आम्ही काय दुकान आहोत का गं, तू कुलूप लावून जायला?”

निघाले. आणि दोन महिन्यांत ते ‘काही’ आलंच.

आमच्या जिन्याच्या भिंतीवर अण्णांनी २००५ च्या पुराची रेघ मारून ठेवलेली आहे. तेव्हा पुलावर ५३ फुटांच्या पुढे पाणी गेलं होतं आणि आमच्याकडे तिसऱ्या पायरीला लागलं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी फोनवर ओरडत होते, निघा म्हणून, आणि अण्णा शांतपणे म्हणत होते, “तिसरी पायरी. यंदा फार तर पाचवी धर. वर राहतो आम्ही.” गावातल्या कितीतरी घरांत त्या दिवसांत हाच हिशोब चालला होता. २००५ पेक्षा जास्त पाणी येऊ शकतं, हे कुणाच्या मनातच येत नव्हतं. पातळी ५७ फुटांच्या वर गेली. वीज गेली, मग फोन गेले.

त्या दिवशी मी ऑफिसात एका मीटिंगला बसले होते. काय चाललं होतं ते आजही सांगता येणार नाही. बाहेर येऊन दिसेल त्या नंबरला फोन लावत सुटले. उपयोग झाला तो शाळेच्या ग्रुपचा. दहावीपर्यंत ज्याच्याशी मी धड बोललेही नव्हते, अशा एका वर्गमित्राने बोटवाल्यांपर्यंत पत्ता पोचवला. संध्याकाळी त्याचा मेसेज आला, सांगलीच्याच विश्रामबाग भागातून: ‘दोघं विश्रामबागेत. काकूंनी देव घेतलेत. काका चिडलेत.’

ते वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसून हसले आणि मग खूप रडले.

पण मला सांगायचंय ते पुढचं. पुण्याचा माझा चुलतभाऊ बातमी कळताच गाडी काढून निघाला होता. पुणे-सांगली अंतर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. तो इस्लामपूरला अडकला, कारण पुढे सांगलीवाडीचा रस्ता पाण्याखाली होता. दोन रात्री लॉजवर काढल्या बिचाऱ्याने. ‘निदान पुण्यात तरी राहिली असतीस’ असं मला तोवर अनेकांनी ऐकवलं होतं, आणि मीही स्वतःला रोज ऐकवत होते. पुण्यात राहिले असते तर त्या लॉजवर आम्ही दोघं असतो, एवढंच. माझी धास्ती त्यानंतर गेली असं नाही. पण आता ती मोजता येते. तिला पायऱ्या आहेत.

हल्ली मात्र गंमत उलटी झाली आहे. जुलै २०२१ मध्ये जर्मनीत आर नदीच्या खोऱ्यात एका रात्रीत पाणी चढलं, देशभरात १८० हून जास्त माणसं गेली. ती जागा माझ्या घरापासून दोनशेपेक्षा जास्त किलोमीटर लांब. पण टीव्हीवर ‘जर्मनी’ हा शब्द ऐकून अण्णांनी पहाटे फोन केला. मी किती सांगितलं, लांब आहे, इकडे साधा पाऊस आहे. “लांब म्हणजे किती? मिरजेएवढं?” विमानं बंदच होती जवळजवळ, कोरोनाचे दिवस. तिथून ते काहीही करू शकत नव्हते. त्या आवाजातली चिडचिड माझ्या चांगल्याच ओळखीची होती. मागे सोडून आलेली माणसं म्हणजे ते, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते!

दहा दिवसांनी सांगलीत पुन्हा पन्नासच्या वर पाणी गेलं. या वेळी अण्णा चाळिसालाच निघाले, कुणी न सांगता.

माझ्या घरामागून नेकर नदी वाहते. हिचं निम्मंअधिक पात्र बांधून काढलेलं, प्लोखिंगनपासून मानहाइमपर्यंत बोटी चढवा-उतरवायला २७ ठिकाणी पाण्याचे दरवाजे. कृष्णेच्या माणसाला ती कालव्यासारखीच वाटते, पण हे इथे कुणाला बोलून दाखवू नये. पाऊस लागला की अण्णांचा फोन ठरलेला: नेकरचं पाणी किती? इथे पातळी सेंटिमीटरमध्ये देतात. मी आकडा सांगते, पलीकडे कागदाची खसखस ऐकू येते, थोडा वेळ गुणाकार-भागाकार चालतो. मग अण्णा फुटांत आकडा सांगतात आणि डायरीत लिहून ठेवतात, आयर्विनच्या शेजारच्या रकान्यात.