दोनाचे पाच स्पीकर केले तेव्हा कुठे गाणं समोर बसलं : माझा अनुभव

डाव्या-उजव्या दोन स्पीकरच्या स्टिरिओवर गाणं ऐकताना मला कायम एक गोष्ट खटकायची. आवाज स्वच्छ आहे, बेस आहे, सगळं आहे, पण सगळंच्या सगळं समोरच्या भिंतीवर चिकटवल्यासारखं. आम्ही इंदूरला राहतो, इथे अजूनही कोणाकोणाच्या घरी सतरंजी टाकून बैठक होते, वीस-पंचवीस माणसं, माइक नाही काही नाही, आणि तिथे तानपुरे जुळले ना की ते फक्त गायकाच्या मागून ऐकू येत नाहीत, अख्ख्या खोलीत भरून राहतात, बाजूच्या भिंतीकडून, वरून, मागच्या दाराकडून पण. तेच घरी आले आणि रेकॉर्डिंग लावलं की तानपुरा बिचारा दोन स्पीकरच्या मधल्या पट्टीत. हे अमीर खाँसाहेबांचं गाव, कुमारजींचं देवास इथून तासाभरावर, आमच्या घरात गाणं रोज वाजतं, त्यामुळे मला हे नीट करायचंच होतं.

ज्याला विचारावं तो म्हणे महागातले स्पीकर घे. पण मी जसजसं वाचत गेले तसतसं लक्षात आलं की दोष माझ्या स्पीकरचा नाहीये, दोनच स्पीकर असण्याचा आहे. म्हणजे बघा, हॉलमधे गायकाचा आवाज आपल्याकडे सरळ येतो आणि त्याच्या मागोमाग भिंतींवर आपटून आलेले आवाज बाजूंनी येतात. बाजूने आलेला आवाज डाव्या आणि उजव्या कानाला वेगवेगळा पोचतो, आणि त्या फरकावरूनच आपल्याला कळतं की आपण मोठ्या जागेत, आवाजाच्या मधे बसलोय. रेकॉर्डिंगमधे ही हॉलची गुंज असतेच, पण घरी ती पण समोरून येते, गायकाच्याच दिशेने. मग कानाला ती जागा वाटत नाही, गायकाच्या आवाजावर चढलेलं काहीतरी वाटतं.

दुसरी भानगड गायकाचीच. स्टिरिओत गायक बरोबर मधे ऐकू येतो पण तिथे स्पीकर नसतोच, दोन्हीकडून सारखा आवाज येतो म्हणून तसा भास होतो. आता डाव्या कानाला डाव्या स्पीकरचा आवाज आधी मिळतो आणि पाठोपाठ, साधारण पाव मिलिसेकंदाने, उजव्याचा मिळतो, उजव्या कानाचं उलट. एकच आवाज एवढ्याशा फरकाने दोनदा आला की काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खातात, आणि इथे तो खड्डा पडतो २ किलोहर्ट्झच्या आसपास. गाण्यातले शब्द स्पष्ट कळतात ते बरंचसं याच भागामुळे! खरा माणूस समोर बसून गायला तर हा खड्डा नसतो, कारण आवाज एकाच जागेवरून येतो.

आणि हे काही आजचं ज्ञान नाही. ब्लुमलाइन नावाच्या इंग्लिश इंजिनिअरने स्टिरिओचं पेटंट १९३१ मधे टाकलं, आणि १९३३ मधे अमेरिकेत बेल लॅबवाल्यांनी फिलाडेल्फियात वाजणारा ऑर्केस्ट्रा टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या हॉलमधे ऐकवला, तेव्हा त्यांनी तीन चॅनल, म्हणजे आवाजाच्या तीन वेगवेगळ्या वाटा, वापरले होते, डावा, मधला, उजवा. घरात दोन आले कारण रेकॉर्डच्या एका खाचेत दोनच चॅनल सोयीने बसत होते. मला हे कळलं तेव्हा खरंच बरं वाटलं, की आपण कानाला जे वाटतं म्हणतोय ते अगदीच मनाचे खेळ नाहीत.

तर सुरुवात मी गुंजेसाठी मागे जादा स्पीकर लावून केली, तेही सगळ्यात स्वस्त उपायाने, फक्त वायर. डेव्हिड हाफलर म्हणून अमेरिकन ऑडिओ इंजिनिअर होते, त्यांच्या नावाने ही जोडणी ओळखली जाते, १९७० च्या सुमारास खूप चालली. अँपच्या (अँप्लिफायरच्या) डाव्या चॅनलच्या लाल टर्मिनलपासून एक वायर, उजव्याच्या लाल टर्मिनलपासून दुसरी, आणि मधे मागचे स्पीकर. काळ्या टर्मिनलला काहीच लावायचं नाही. म्हणजे मागच्या स्पीकरला मिळतो डावा वजा उजवा. दोन्हीकडे जे सारखं आहे, म्हणजे मधला गायक, ते कापलं जातं, आणि दोन्हीकडे जे वेगळं आहे, ज्यात हॉलची गुंज बरीच असते, ते उरतं. मागे दोन स्पीकर लावायचे तर ते सिरीजमधे, म्हणजे एकामागे एक जोडून, ८ ओहमचे दोन मिळून १६ होतात, अँपवर फार भार येत नाही.

पण हे करायच्या आधी एक गोष्ट तपासाच. अँप बंद करून मल्टिमीटर दोन्ही काळ्या टर्मिनलला लावा, जवळजवळ शून्य ओहम दाखवला तर दोन्हीचा ग्राउंड (विजेचा शून्य बिंदू) एक आहे आणि जोडणी चालेल, मॅन्युअल असेल तर त्यात पण बघून घ्या. हल्ली जे छोटे क्लास डी बोर्ड (चिपवर चालणारे छोटे अँप) मिळतात, टीपीए३११६ चिपवाले वगैरे, त्यांत काळं टर्मिनल ग्राउंड नसतं, तिथेही सिग्नल असतो, त्यांच्यावर हा प्रयोग करायचा नाही. बाबांचा जुना इंटिग्रेटेड अँप बरोबर निघाला.

मागच्या स्पीकरसाठी जेल रोडवरून चार इंचाचे दोन फुल रेंज ड्रायव्हर (खोक्याशिवायचे स्पीकर) आणले, खोकी आमच्या ओळखीच्या सुताराने प्लायमधे करून दिली. दुकानदार म्हणे, "दीदी, ये तो होम थिएटर का काम है, गाने में पीछे का स्पीकर कौन लगाता है भिया!" (इंदुरात दीदीला पण भिया म्हणून होतं.) त्याला मी पूर्ण समजावून सांगितलं, त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि स्पीकरची वायर चांगली जाड दिली.

वायर जोडून पहिल्यांदा लावली ती बाबांची एक जुनी मोनो एलपी, मुद्दाम, कारण मोनोत डावा आणि उजवा एकच असतो, मागे काही यायला नको. आणि खरंच मागचा स्पीकर जवळजवळ गप्प. मी त्याला कान लावून बसले तर आत फक्त खाचेतल्या धुळीची टिक-टिक आणि खालची घरघर, गायकाचा एक स्वर नाही! कारण सुई आडवी हलते तो दोन्हीकडचा समान आवाज आणि उभी हलते तो फरक, आणि धूळ सुईला वरखाली पण उडवते. म्हणजे माझ्यासमोर गाणं समोर आणि कचऱ्याचा बराचसा भाग मागे असा वेगळा झाला होता. जोडणी बरोबर आहे याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही. मग एक लाइव्ह मैफिलीचं स्टिरिओ रेकॉर्डिंग लावलं आणि तानपुरा भिंतीवरून सुटला, मधेच लोकांची वाहवा आली ती आमच्या दिवाणाच्या बाजूने आली.

तरी एक गोष्ट राहत होती. आमची खोली बारा बाय पंधरा फूट, मागचे स्पीकर माझ्यापासून चार-पाच फुटांवर, पुढचे त्याहून लांब. म्हणजे गुंज आधी आणि गायक नंतर, हे उलटंच झालं. जर्मनीत हेल्मुट हास यांनी १९४९ मधे प्रबंध लिहिला त्यात हेच आहे, की कानाला जो आवाज आधी पोचतो त्याच्याच दिशेने सगळं ऐकू येतं, मागून काही मिलिसेकंदांनी आलेला आवाज त्यातच मिसळून जातो, जरा मोठा असला तरी. म्हणजे मागच्याला उशीर द्यायला हवा. आवाज एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद घेतो, १५ मिलिसेकंद हवे तर स्पीकर पाच मीटर लांब न्यावा लागेल, म्हणजे शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात. 😄

इथे दादाचा जुना डेस्कटॉप कामी आला. त्याच्या मागे ऑडिओचे तीन रंगीत जॅक होते, हिरवा पुढच्यासाठी, काळा मागच्यासाठी, नारिंगी सेंटर आणि सबवूफरसाठी. विंडोजच्या साउंड सेटिंगमधे ५.१ (पाच स्पीकर आणि एक खर्जाचा सबवूफर) निवडलं आणि इक्वलायझर एपीओ म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे ते टाकलं, त्यात साध्या टेक्स्ट फाइलमधे लिहायचं कुठल्या चॅनलला काय द्यायचं. मागच्या डाव्याला अर्धा डावा वजा अर्धा उजवा, मागच्या उजव्याला त्याचं उलट, एकाला १५ मिलिसेकंद उशीर आणि दुसऱ्याला १९, कारण दोघांना तंतोतंत एकच दिलं तर ते मिळून डोक्याच्या मागे एका ठिपक्यासारखं ऐकू येतं. ७ किलोहर्ट्झच्या वरचे बारीक आवाज कापले (जुन्या डॉल्बी सराउंडमधे पण मागचं चॅनल तिथेच कापायचे), आणि १५० हर्ट्झच्या खालचे जाड आवाजही. वजाबाकी आता सॉफ्टवेअरमधे होत असल्यामुळे वायरच्या जोडणीत जे छोटे क्लास डी बोर्ड चालत नव्हते तेच आता मागच्या स्पीकरना बिनधास्त लावता आले. कॉम्प्युटरमुळे घुं असा आवाज येत होता तो सगळे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतल्यावर गेला.

जागेचं म्हणाल तर मागचे खरं म्हणजे मागे नाहीतच, बाजूला आणि किंचित मागे आहेत. स्टुडिओवाल्यांचा जो आंतरराष्ट्रीय नियम आहे त्यात पण ऐकणाऱ्याच्या नाकासमोरच्या रेषेपासून पुढचे ३० अंशांवर आणि बाजूचे १०० ते १२० अंशांच्या मधे सांगितलेत.

आता मधला. हा सगळ्यात जास्त बाबांसाठी. त्यांची आरामखुर्ची खिडकीपाशी, डाव्या स्पीकरच्या अगदी समोर, ती हलवायची सोय नाही, आणि तिथून त्यांना गायक कायम डाव्या खोक्यातच बसलेला ऐकू यायचा. तिसरा स्पीकर पुढच्या दोघांच्याच मॉडेलचा हवा, नाहीतर गायकाचा आवाज मधे एक आणि बाजूला दुसरा होतो. सिंगल नग कोणी देईना, शेवटी सेकंडहँड जोडीच घेतली, एक मधे ठेवला, दुसरा दादाच्या खोलीत गेला. मधल्याला डावा अधिक उजवा, अर्धे-अर्धे. नुसतं एवढं केलं तर आवाजाचा सगळा पसारा मधे गोळा होतो, म्हणून पुढच्या डाव्यातून थोडा उजवा वजा केला आणि उजव्यातून थोडा डावा, आणि दोघांमधलं अंतर सात फुटांवरून दहा फूट केलं. मधला माझ्या जवळ पडत होता, टेपने मोजून फुटाला साधारण ०.९ मिलिसेकंद या हिशेबाने त्यालाही उशीर दिला.

पहिल्यांदा लावलं तेव्हा बाबांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "अगं, हा आता मधे येऊन बसलाय." मग पूर्ण बडा ख्याल संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मला स्वतःला शब्दांत फरक सगळ्यात जास्त जाणवला, विलंबितात बंदिशीचे जे बोल आधी अंदाजाने कळायचे ते आता कळतात.

लेव्हल मात्र सावकाश लावावी लागते. माझा नियम एकच, मागचा स्पीकर वाजतोय हे कळलं की तो मोठा आहे. इतका कमी करायचा की तो ऐकूच येऊ नये, आणि कोणी तो बंद केला की खोली एकदम लहान झाल्यासारखी वाटावी. माझ्याकडे तो पुढच्यांपेक्षा ७-८ डेसिबल खाली बसला, तुमच्या खोलीत वेगळा बसेल. तयार रिसीव्हरमधे (होम थिएटरच्या अँपमधे) हॉल, स्टेडियम असे मोड असतात ते मला अजिबात आवडत नाहीत, कारण ते स्वतःची गुंज घालतात, आणि मला रेकॉर्डिंगमधे जी आहे तीच हवी. डॉल्बी प्रो लॉजिक टूचा म्युझिक मोड असेल तर तो बघा, ते काम याच्या बरंच जवळचं आहे आणि त्यात मधल्याची रुंदी पण बदलता येते.

सगळीच रेकॉर्डिंगं याने सुधारतात असं नाही. कमी बिटरेटच्या (आकाराने खूप लहान केलेल्या) एमपीथ्रीत डाव्या-उजव्यातल्या फरकाचा भागच सगळ्यात जास्त दाबलेला असतो, तो मागून पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो, त्यामुळे आमच्याकडे आता सीडीवरून काढलेल्या फाइलीच वाजतात. जुनं मोनो गाणं नंतर मशीनने ओढूनताणून स्टिरिओ केलेलं असेल तर गायक अर्धा समोर आणि अर्धा बाजूला जातो, त्याला मागचे बंद करते, फाइलमधे एका ओळीचं काम आहे. खऱ्या मोनोला मात्र काही करावं लागत नाही, मधला असल्यामुळे ती उलट आधीपेक्षा छान वाजतात.

सध्या मागच्या दोन्ही खोक्यांची तोंडं माझ्याकडे न ठेवता भिंतीकडे वळवून ऐकतेय. आवाज भिंतीवरून पसरून येतो, स्पीकर कुठे आहे ते अजिबात सापडत नाही, पण वरची धार थोडी कमी होते, म्हणून ७ किलोहर्ट्झचं कापणं ९ वर नेलंय. बाबांच्या खुर्चीवरून हे जास्त चांगलं वाटतं, दिवाणावरून आधीचं, आणि बहुतेक खुर्चीचंच कायम होईल.