कोणत्या खोलीत कोण निजतं

जपानमधल्या कोबे शहरात 17 जानेवारी या तारखेचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. 1995 साली त्या दिवशी पहाटे 5:46 ला धरणी हलली आणि 6,434 माणसं गेली. आपली किल्लारी त्याआधी जेमतेम सव्वा वर्षाची, तीही पहाटेचीच. दोन्हीकडे जीव घेतला तो घरांनी. किल्लारीत दगडमातीच्या भिंतींवर मातीचं जाड माळवद. इथे जुन्या लाकडी घरांवर मातीत बसवलेली जड कौलं. अशा घरांत राहायचं कोण? ज्यांना दुसरं परवडत नव्हतं ते. कोबेच्या मृतांत निम्म्याहून जास्त साठी ओलांडलेले होते.

आवाजी बेटावरचं होकुदान गाव तर भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ. तिथे ढिगाऱ्यांखालून सुमारे 300 जणांना गावकऱ्यांनी आणि गावातल्याच स्वयंसेवी अग्निशमन दलाने बाहेर काढलं. दुपारपर्यंत सगळ्यांचा ठावठिकाणा लागला होता. कुठल्या घरातली आजी कुठल्या खोलीत निजते हे शेजाऱ्यांना पाठ होतं, म्हणून त्यांनी नेमकं तिथेच उकरलं. बाहेरची मदत पोचेपर्यंत थांबले असते, तर त्यातले किती वाचले असते?

मला अस्वस्थ करतं ते मात्र नंतरचं. कोबेत तात्पुरती घरं सोडतीने वाटली, म्हाताऱ्यांना आणि अपंगांना प्राधान्य देऊन. हेतू चांगलाच होता, पण त्यात आयुष्यभराचे शेजारी विखुरले, अनेक जण शहराबाहेर अनोळखी वस्त्यांत गेले. पुढच्या काही वर्षांत या घरांत दोनशेहून जास्त माणसं एकटी मेली, कुणाला पत्ता न लागता. हा धडा घेऊन 2004 च्या निइगाता भूकंपानंतर तिथल्या यामाकोशी गावाच्या वाड्या एकत्रच हलवल्या, शेजाराला शेजार राखून. आपल्याकडे पुनर्वसनाचे प्लॉट पाडताना हे कुणी विचारात घ्यावं, असं मनापासून वाटतं.

2013 च्या कायदादुरुस्तीनंतर इथे जपानमध्ये पालिकांना, संकटात ज्यांना मदतीचा हात लागेल त्यांची यादी ठेवावीच लागते. यादी हवीच. पण वस्तीच्या मंडळात भाडेकरू आणि परदेशी माणसं कमीच असतात, आणि मंडळं चालवणारेही आता म्हातारे होत चाललेत. दारावर थाप कोण मारणार? म्हणून मी आमच्या मंडळात नाव घातलंय. पुढच्या बचाव-कवायतीत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन घरांची जबाबदारी माझ्याकडे आहे. त्यातल्या एका आजींना ऐकू कमी येतं, तेव्हा त्यांची एक किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवायचं ठरतंय.