जोर लावलेले शब्द

आपल्याकडे रंग नुसता लाल असून भागत नाही, लालभडक लागतो. काळा म्हटलं की काळाकुट्ट, पिवळा म्हटलं की पिवळाधमक. आपला जोर असा शेपटीला. इंग्रजी काही वेळा तो तोंडाशी लावते, तोही इतका गुपचूप की वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही.

'परफर्विड' घ्या, म्हणजे अति आवेशाचा. 'फर्विड'च्या मुळाशी उकळण्याचं लॅटिन क्रियापद आहे. आधीच उकळी फुटलेली, त्यात पुढे 'पर' लागला की थेट उतू जाणं. निवडणुकीतल्या भाषणांना इतकं चपखल विशेषण दुसरं सापडायचं नाही, पण बिचारं शब्दकोशात धूळ खात पडलंय. जॉर्ज ब्युकॅनन या स्कॉटिश पंडिताने १५८२ साली छापून आलेल्या आपल्या लॅटिन इतिहासात स्कॉट लोकांच्या तापट स्वभावाला 'प्रेफर्विड' म्हटलं होतं. पुढे ते वचन तोंडोतोंडी झालं आणि 'प्रे'च्या जागी 'पर' येऊन बसला. जोर दोन्हींत सारखाच, त्यामुळे कुणाला चुकल्याचुकल्यासारखंही वाटलं नाही.

'फॉरलॉर्न' त्या मानाने ओळखीचा. त्यातला 'फॉर' म्हणजे पार, पुरता. जर्मनमधल्या 'फेर'चा सख्खा भाऊ. 'लॉर्न' म्हणजे हरवलेला. पार हरवलेला, म्हणून उदास, एकाकी. 'फॉरलॉर्न होप' ऐकून आपल्याला मावळलेली आशा आठवते, पण तिथला 'होप' मुळात डच आणि त्याचा अर्थ टोळी. हल्ल्यात सर्वांत पुढे धाडलेली, परत येण्याची फारशी शाश्वती नसलेली तुकडी. डच 'होप' इंग्रजांच्या कानाला आशेसारखा लागला आणि टोळी गळून आशाच राहिली. अशा ऐकण्यातल्या घोटाळ्यांवर माझा फार जीव आहे.

'इनफ्लेमेबल' म्हणजे चटकन पेटणारं; त्यातला घोटाळा मात्र महागात पडण्यासारखा. इथला 'इन' नकाराचा नव्हे, भडकवणारा. पण लोक तो 'न पेटणारं' असा वाचतील, या धास्तीने अमेरिकेतल्या आगप्रतिबंधक संस्थेने १९२० च्या दशकात 'फ्लेमेबल'चा आग्रह धरला. मग खरोखर न पेटणाऱ्या वस्तूला 'नॉनफ्लेमेबल' म्हणायची वेळ आली. 'इनव्हॅल्युएबल'मध्ये 'इन' खराखुरा नकाराचा, तरी वस्तूची किंमत वाढलेलीच! पण त्याबद्दल इंग्रजीला हसायची सोय नाही, आपला 'अनमोल'ही त्याच वाटेचा.