टेरिकॉटचा मावळा

दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्याइतकी कपड्यांची आबाळ कुणाचीच होत नसेल. कुंभारवाड्यातून आणलेल्या त्या मातीच्या शिपायाचा अंगरखा लाल असतो आणि तो लाल रंग निम्मा हनुवटीवर चढलेला असतो. शेला पिवळा, आणि शेल्यासोबत तलवारीची मूठही पिवळी. त्यात पहारेकरी दरवाजापेक्षा उंच आणि शेजारची गवळण पहारेकऱ्यापेक्षा उंच! अळीव उगवून आले की सगळे कमरेपर्यंत हिरवळीत बुडायचे, त्यामुळे लहानपणी आमचं कधी काही अडलं नाही.

अडलं ते चाळिशी उलटल्यावर. लेकीच्या किल्ल्यासाठी एक मावळा नीट रंगवावा म्हणून बसलो, आणि दिवाळी संपली तरी ब्रश हातातून सुटेना. आता माझ्या टेबलावर ७५ मिलिमीटरचे रेझिनचे पुतळे असतात, प्रायमरचे डबे असतात, आणि ओला स्पंज घालून त्यावर बटर पेपर पसरलेला जेवणाचा एक डबा असतो. ॲक्रिलिक रंग त्यात तासन्‌तास वाळत नाहीत. हा डबा आपलाच होता हे घरात अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

पहिला पुतळा पूर्ण झाल्यावर मोठ्या ऐटीत आईपुढे ठेवला. आईने तीस वर्षं आळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवलेत. कापड ओळखायला तिला डोळे लागत नाहीत, चिमूट लागते. तिने चष्मा लावला, मावळ्याला उजेडाकडे वळवलं आणि विचारलं, "अरे, याचा सदरा टेरिकॉटचा आहे का?"

चूक माझीच होती. प्रत्येक घडीच्या माथ्यावर मी पांढऱ्या रंगाचा हात फिरवला होता आणि वरून चकचकीत वार्निश मारलं होतं. सदरा, शेला, पागोटं, सगळं एकाच दुकानातून एकाच ताग्यातून फाडून आणल्यासारखं दिसत होतं.

मग मी धाग्यांच्या मागे लागलो. सुती कापड म्हणजे विणकाम दिसलं पाहिजे, असं मनाने घेतलं. ट्रिपल झीरोचा, म्हणजे अगदी बारीक टोकाचा ब्रश घेऊन सदऱ्यावर उभ्या-आडव्या रेघा मारत तीन रात्री काढल्या. चौथ्या दिवशी हिशेब मांडला. १८० सेंटिमीटरचा माणूस ७५ मिलिमीटरमध्ये बसवायचा म्हणजे तो २४ पट लहान होतो. जाडाभरडा धागा अर्ध्या मिलिमीटरचा धरला, तरी पुतळ्यावर तो ०.०२ मिलिमीटरचा व्हायला हवा. आपल्या डोक्यावरचा केस याच्या तिप्पट तरी जाड असतो. आणि माझी बारीकातली बारीक रेघ खऱ्या माणसाच्या सदऱ्यावर नेली, तर ती सुतळीएवढी भरली असती. म्हणजे तीन रात्री खपून मी मावळ्याला गोणपाट नेसवलं होतं.

तशा रेघा वाया जात नाहीत म्हणा. त्यांच्यावर पातळ रंगाचे दोन-तीन हात दिले की त्या बुडतात, आणि कापडाला नुसता खरखरीतपणाचा भास उरतो. पण तो भास पुरवणीचा. मूळ काम करतो तो उजेड. खऱ्या माणसाच्या कपड्यावर घडीची सावली आपोआप पडते. एवढ्याशा पुतळ्यावर ती पुसट होते, म्हणून सावलीसुद्धा आपणच रंगवायची. आणि ती प्रत्येक कापडाची वेगळी. सुती सदऱ्यावर उजेड हळूहळू विरतो, तिथे शुभ्र पांढरा कुठेच ठेवायचा नाही. रेशमावर मात्र गडद आणि फिकट एकमेकांना खेटून बसतात, घडीच्या धारेवर चमक एखाद्या केसाएवढीच असते. सावळाराम हळदणकरांचं हातात समई घेतलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. बोटांआडून आलेला उजेड साडीवर पडतो, आणि एकही धागा न मोजता साडी अंगावर नेसलेली वाटते. मी ते चित्र आधी पाहिलं असतं तर तीन रात्रींची झोप वाचली असती.

पैठणीने वेगळाच घाम काढला. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, त्यामुळे पदर हलला की रंग बदलतो. पुतळा तर हलत नाही. मावसबहिणीच्या लग्नाची खरेदी येवल्याला होती, तिथे मी एक पदर दिव्याखाली पाऊण तास उलटसुलट करत बसलो. दुकानदार बिचारा आशेने नव्या घड्या मोडत राहिला. शेवटी उलगडा असा झाला की सावलीला एक रंग द्यायचा आणि उजेडाला दुसराच. काठाच्या जरीला सोनेरी रंग लावायचाच नाही. तपकिरी, मातकट पिवळा, फिकट पिवळा आणि शेवटी पांढऱ्याचा एक ठिपका, एवढ्यावर जर चमकते. सोनेरी रंग लावला की नाटकाचा मुकुट होतो.

सगळ्यांत मन रमलं ते घोंगडीत. मी तिला सरळ काळी करून मोकळा होणार होतो. आईने माळ्यावरची खरी घोंगडी काढून समोर टाकली. धनगराकडून घेतलेली, मेंढीच्या लोकरीची. पाहिलं तर काळा रंग जवळजवळ नाहीच. करडा, तपकिरी, मधूनच एखादा पांढरट केस, आणि काठाला उन्हाने आलेला तांबूसपणा. लोकर उजेड परत देत नाही, गिळते. म्हणून रेघ नाही, फक्त ठिपके. जुन्या ब्रशचं टोक कात्रीने कापलं, रंग कागदावर टिपून जवळपास कोरडा केला आणि टोचत सुटलो. गडद थर, त्यावर करडा, त्यावर तपकिरी, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा विरळ. वर चकाकी घालवणारं मॅट वार्निश. घडीच्या कडा मुद्दाम मऊ ठेवल्या, कारण जाड घोंगडी कधी धारदार मुडपतच नाही.

काल तो मावळा आईच्या हातात दिला. तिने नेहमीप्रमाणे उजेडाकडे वळवला. घोंगडीजवळ चिमूट नेली आणि बोटं मागे घेतली.

"ही टोचेल," ती म्हणाली.

मी काही बोलायच्या आत तिने चष्मा कपाळावर सारला. "पण कमरेच्या शेल्याची गाठ उलटी मारलीस. अशी गाठ घोड्यावर दोन पावलांत सुटेल."

गाठ मी मारलेली नाही, ती साच्यातूनच तशी आली, हे तिला सांगून बघितलं. ती म्हणाली, "मग साचा करणाऱ्याला सांग."