शिकवणारा एक, तपासणारा दुसरा

सुट्टीत कोल्हापूरला आलो की पहिली चक्कर उद्यमनगरात, मामांच्या शॉपवर. या वेळी लेथवर नवा पोरगा होता, आयटीआय करून आलेला. मामा म्हणाले, "तू तिकडं असल्याच पोरांच्या परीक्षा घेतोस न्हवं?"

होय, तेच माझं काम. इंग्लंडमध्ये ॲप्रेंटिस कंपनीत शिकतो आणि शेवटी त्याला बाहेरच्या संस्थेपुढं उभं राहावं लागतं. एंड-पॉइंट असेसमेंट म्हणतात त्याला. शिकवणाऱ्यानं किंवा मालकानं पास-नापास ठरवायचं नाही, ही आजवरची रीत. (आपल्याकडं १९६१ च्या कायद्याखालच्या ॲप्रेंटिसांनाही ट्रेड टेस्ट आहेच.) परीक्षा घेणाऱ्या अशा बहुतेक संस्थांवर ऑफक्वाल ही सरकारी नियामक संस्था नजर ठेवते.

२०२५ च्या फेब्रुवारीत सरकारनं ही रीत सैल करायचं जाहीर केलं. सगळी परीक्षा शेवटालाच नको, काही भाग शिकता शिकता घ्या. काही भाग शिकवणाऱ्या संस्थेनं तपासला तरी चालेल. कामावरची वागणूक मालकानंच पडताळावी. ऑगस्टपासून ॲप्रेंटिसशिपचा किमान काळही १२ महिन्यांवरून ८ वर आला. साहजिकच ऑफक्वालनं आपले नियम आणि मार्गदर्शक सूचना नव्यानं लिहायला घेतल्या. नियम पाळावाच लागतो. सूचना तितकी बांधून घालत नाही, पण ती विचारात न घेता पुढं जाता येत नाही.

हे सगळं ऐकून मामा म्हणाले, "मग बरंच झालं की! ह्या पोराचा हात कसा बसलाय, ते मी रोज बघतोय. तू दोन तासांत काय बघणार?"

मला उत्तर सुचलं नाही. महिनोन्महिने नीट काम केलेल्या एका मुलीचा हात माझ्यासमोर इतका थरथरला की तिला मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, वाचता येईना. तिला नापास करावं लागलं, आणि ते मला अजून सलतं.

तरीही मी मामांना पूर्ण मान्यता देत नाही. तिथं शिकवणाऱ्या संस्थेच्या निधीतला शेवटचा २० टक्के हप्ता ॲप्रेंटिसनं कोर्स पुरा करण्यावर अवलंबून असतो. ज्याचे पैसे अडकलेत, त्याच्याच हातात मार्क द्यायचे तर त्या मार्कांवर दुसऱ्या कुणाची तरी नजर हवी. म्हणून मला एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: तपासणी कुणीही करो, निकालाची जबाबदारी परीक्षा घेणाऱ्या संस्थेचीच राहते. काही पेपर, काही जॉब, म्हणजे मुलांनी घडवलेले भाग, आम्ही पुन्हा तपासून बघायचे. हे काम वेळखाऊ आहे, आणि गर्दीच्या महिन्यांत तेच पहिल्यांदा कापलं जाईल, अशी मला भीती वाटते.

मामांनी पोराचा जॉब चकमधून काढला, फडक्यानं पुसला आणि त्याला म्हणाले, "शेजारच्या शॉपातनं मायक्रोमीटर आण जा. आपला जरा झिजलाय."