अर्धा सेकंद उशिरा

रविवार, रात्री उशिरा

दोन दिवस झाले तरी कार्यक्रमात शेजारी असलेले ते काका डोक्यातून जात नाहीत.

शुक्रवारी इथे स्टॉकहोममध्ये ओपेथ, माझा लाडका स्वीडिश मेटल बँड, बघून आले. 2009 पासून राहून गेलेलं एकदाचं झालं. घरी येताना पेंडलटोगमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, बसून मी आनंदानं रडायला हवं होतं. पण मी खिडकीबाहेर बघत एकच गोष्ट उगाळत होते, आणि अजून तेच चाललंय.

त्यांचा गायक ओकरफेल्त दोन गाण्यांच्या मध्ये खूप बोलतो, हे माहीत होतंच. बाहेरच्या देशांतल्या त्याच्या कार्यक्रमांचे कितीतरी व्हिडिओ बघितलेत. तिथे तो इंग्रजीत बोलतो आणि मला सगळं कळतं. इथे तो आपल्या गावात होता, म्हणून स्वीडिशमध्ये बोलला. हॉल हसला. मीही हसले, पण सगळ्यांनंतर. अर्धा सेकंद असेल फार तर. शब्द कळले होते, हसण्यासारखं काय होतं ते कळलं नव्हतं. शेजारच्या काकांच्या ते लक्षात आलं. साठीचे असतील, अंगात जुना विटलेला टी-शर्ट. ते वाकले आणि माझ्या कानाशी इंग्रजीत सगळं समजावून सांगितलं. लहानपणी बघितलेल्या टीव्हीवरचं काहीतरी होतं. अगदी चांगल्या मनानं सांगितलं त्यांनी. मी पुन्हा एकदा हसले.

मी विचारलं नव्हतं त्यांना.

सहा वर्षं झाली इथे. एसएफआयचे, म्हणजे बाहेरून आलेल्यांसाठीचे स्वीडिशचे वर्ग संध्याकाळी, लॅबमधून थेट जाऊन केले. घराचा करार स्वीडिशमध्ये वाचला, पगारवाढ स्वीडिशमध्ये मागितली. आणि ज्या एका जागी मी परकी नसणार अशी खात्री होती, तिथेच कुणीतरी मला हात धरून पायरी उतरवली. ओपेथ माझं होतं. सांगलीच्या घरात, माडीवर, दादानं पुण्याहून आणलेल्या सीडीवर त्यांचा 'ब्लॅकवॉटर पार्क' अल्बम वाजायचा. तेव्हा स्वीडन नकाशात कुठे आहे हेही मला धड माहीत नव्हतं. खालून आजी विचारायची, कुणाच्या अंगात आलंय का रे? दादा हसायचा आणि आवाज वाढवायचा.

पलंगाच्या लाकडावर बोटं आपटून ताल मोजायला त्यानंच शिकवलं. मोजायची ती मधली रिकामी जागा, म्हणायचा. ठोका काय, कुणालाही ऐकू येतो.

2009 साली ओपेथ आयआयटी मद्रासच्या सारंग महोत्सवात वाजवायला आले. दादा गेला. मला नेलं नाही. त्याचं मी कधीच...

असो.

काल दिवसभर घराबाहेर पडले नाही. बँडबद्दल मिळेल ते वाचत बसले. माझं म्हणते तर मला त्यांच्याबद्दल काय माहीत आहे, हे बघायचं होतं. मुळात हा बँड डेव्हिड इसबेरीचा. त्यानं ओकरफेल्तला बास वाजवायला बोलावलं आणि बाकीच्यांना सांगितलंच नाही. बास वाजवणारा आधीच होता. हा मुलगा तालमीला दारात उभा, आणि आतल्यांना तो नको होता. इसबेरी सोडून सगळे बँड सोडून गेले. पुढे 1992 मध्ये इसबेरीही गेला, आणि न विचारता आलेल्या या मुलाकडेच सगळं राहिलं. नाव तर स्वीडिशही नाही. विल्बर स्मिथच्या कादंबरीतलं आफ्रिकेतलं एक काल्पनिक शहर, ओपेत, त्याला यांनी एक 'एच' जोडला. ओकरफेल्त वाढला हुडिंगेमध्ये. हे वाचून मी लॅपटॉप बंद करून नुसती बसले. रोज लॅबसाठी फ्लेमिंग्सबेर्गला जाताना आधीचं स्टेशन हुडिंगे. सहा वर्षं रोज दोनदा गाडीत ते नाव कानावर पडतं, आणि मी फोनमध्ये बघत असते.

मग 2019 चा 'इन काउदा वेनेनम' अल्बम काढला. शेपटीत विष, असं लॅटिन नाव आहे. तो त्यानं आधी स्वीडिशमध्ये लिहिला आणि नंतर बाहेरच्यांसाठी इंग्रजीत केला. दोन्ही बाजारात आले. मी आजवर इंग्रजीच ऐकत होते. काल पहिल्यांदा दोन्हींची नावं शेजारी ठेवून बघितली. इंग्रजीत एका गाण्याचं नाव 'युनिव्हर्सल ट्रुथ' आहे, म्हणजे वैश्विक सत्य. स्वीडिशमध्ये तेच गाणं म्हणतं, कुठलंच सत्य सगळ्यांचं नसतं. अगदी उलट! म्हणजे इतकी वर्षं मी ऐकत होते तेही काकांनी कानाशी सांगितल्यासारखंच होतं का? पाहुण्यांसाठी वेगळं काढून ठेवलेलं ताट?

दुसऱ्या एका गाण्याचं नाव इंग्रजीत 'नेक्स्ट ऑफ किन' आहे, फॉर्मवर भरतात तसं. स्वीडिशमध्ये शब्द आहे 'सर्वांत जवळून शोक करणारे'. आपल्याकडे पेपरात फोटोखाली 'शोकाकुल' छापून पुढे नावं देतात ना. आमचीही होती. ते गाणं मी लावलं नाही.

पण एक गोष्ट मी शुक्रवारपासून लिहायची टाळतेय. मला दुखावून घ्यायचं होतं, आणि ही गोष्ट त्यात बसत नव्हती.

शेवटी त्यांनी 'डेलिव्हरन्स' वाजवलं. 13 मिनिटांहून मोठं गाणं. त्याच्या शेवटाला तो रिफ, गिटारचा छोटा तुकडा, येतो, तोच तोच, मध्ये मोकळ्या जागा सोडत, आणि प्रत्येक वेळी वाटतं की आता ठोका येणार, तर येत नाही. सगळा हॉल माना हलवत होता. काका दर वेळी थोडे आधी पडत होते. मी नाही. एकदाही नाही. बोटं आपोआप समोरच्या कठड्यावर होती. काकांनी माझ्या हाताकडे बघितलं, आणि पुढचं सगळं ते माझ्या बोटांवर मान हलवत राहिले.

आणि स्टेजवर तरी सगळे कुठे इथलेच होते? मार्तिन मेंडेस माँटेव्हिडिओहून आलेला, 1997 पासून तिथे बास घेऊन उभा आहे. ड्रमवरचा वायरिनेन फिनलंडचा. ओकरफेल्त बोलत होता तेव्हा तो काठ्या मांडीवर ठेवून शांत बसला होता. हसला की नाही, मी बघितलं नाही. बघायला हवं होतं.

आणि ग्राउल, ते गुरगुरत गाणं. 2008 च्या 'वॉटरशेड' अल्बमनंतर ओकरफेल्तनं रेकॉर्डवर ग्राउल सोडला. 'हेरिटेज' हा पुढचा अल्बम आला तेव्हा दादा आठवडाभर चिडलेला होता, पण म्हणायचा, बघ तू, येईल परत. 2024 च्या 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट'मध्ये आला. पहिल्या महायुद्धानंतरचं एक घर, वारलेले वडील, तीन मुलांपुढे वाचलं जाणारं मृत्युपत्र. दादाला तो ऐकायला मिळाला नाही. शुक्रवारी तो आवाज पोटातून वर आला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. त्यात कुठली भाषा होती ते ना मला कळलं ना काकांना, आणि कुणी कुणाच्या कानाशी वाकलं नाही.

उद्या गाडीत हुडिंगेला उतरून बघावं असं मनात आहे. बघण्यासारखं काही नसेल. घरं असतील, दुकान असेल. लॅबला उशीर होईल, तो होऊ दे.

2008 च्याच एका जास्तीच्या गाण्यात त्यांनी मारी फ्रेड्रिक्सनचं गाणं गायलंय, रॉक्सेट या स्वीडिश पॉप जोडीतली मारी. स्वीडिशमध्ये. सांगलीत आम्ही ते अर्थ न कळता पाठ केलं होतं, सगळे उच्चार चुकीचे. नाव आहे 'न संपणारा प्रवास'. ते आत्ता लावलंय. कळतंय. सगळं कळतंय.

फक्त एक आठवत नाही. दिवे लागल्यावर काकांनी हात पुढे केला, मी तो हातात घेतला आणि आभार मानले. मी स्वीडिशमध्ये 'ताक्' म्हणाले की 'थँक यू'?